बायडीचा अंगठा

शेणव्याच्या नाक्यावर एसटी थांब्याला लागून आदेश वेखंडेचं ऑनलाइन सेंटर आहे. एक टेबल, एक संगणक, झेरॉक्सचं मशीन आणि भिंतीला टेकलेलं लांब बाकडं. नाव आदेश असलं तरी घरात आदेश चालतो तो समीक्षाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा; नाक्यावर मात्र पठ्ठ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सातबारा असो, शाळेचा दाखला असो, नाहीतर आधार कार्डावरचं चुकलेलं नाव असो, 'आदेशदादाकडं जा' म्हटलं की विषय संपला. आपल्या टेबलावरून आजवर कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही, हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. माणसाला एवढी ऐट असू नये. असली की ती एक दिवस महागात पडते, आणि गंमत अशी की किंमत बहुतेक वेळा दुसराच भरतो.

त्याची खरी करामत होती अंगठ्याची. निराधार म्हाताऱ्या माणसांना सरकारकडून जे पैसे येतात त्याला इकडं सगळे 'पगार' म्हणतात. दिवाळी झाली की या पगारवाल्यांना आपण अजून जिवंत आहोत हे अंगठा लावून कळवावं लागतं. नाही कळवलं तर सरकारच्या लेखी माणूस मेला आणि पगार बंद. आता ज्यांनी जन्मभर भात लावलं, गवत कापलं, विटा पाडल्या, त्यांचे अंगठे काचेवर सुखासुखी उमटतात थोडेच! आदेश त्यांचा हात आपल्या हातात घ्यायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, टेबलाच्या खणातली खोबरेल तेलाची बाटली काढून एक थेंब चोळायचा आणि स्वतःच अंगठा यंत्रावर टेकवायचा. लाल दिव्याचा हिरवा झाला की मोठ्यानं म्हणायचा, "चला आजी, वर्षभर जिवंत!" अख्खं बाकडं हसायचं, आणि आजीही हसायची.

डोळखांबच्या रस्त्याला ओढ्यापलीकडच्या वाडीवरली बायडी दरवर्षी अशीच यायची. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, यमाजीचं, सगळं आयुष्य भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलं. यमाजी भट्टीवरच आजारी पडला आणि तिथंच गेला. त्या दिवसापासून भट्टीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही असं बायडीनं ठरवलं. लेक रत्ना आणि जावई दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकात बसून पोरांसकट निघून जात. बायडी मात्र वाडीवर राहायची, दोन कोंबड्या आणि यमाजीच्या हातची झोपडी सांभाळत. हे राहणं त्या पगारावर होतं, आणि तो पगार तिच्या उजव्या अंगठ्यावर. बाकीची बोटं मातीनं कधीच गिळली होती. यंत्राला ओळख पटायची ती त्या एका अंगठ्याची, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि आदेशला.

यंदा आदेशच्या डोक्यात क्रिकेट शिरलं. टोकावड्याच्या माळावर टेनिस बॉलचे मोठे सामने ठरले होते आणि ते मोबाइलवर थेट दाखवायचे होते, खाली धावफलक सरकत राहील असे. आयोजकांनी विचारलं, जमेल का? आदेशला 'जमणार नाही' हे शब्द बोलता येत नसत. धावफलकाचा तो प्रोग्रॅम जुन्या संगणकावर चालेना. नवी सिस्टिम मागू लागला. संगणक तर कित्येक महिन्यांपासून आपणहून विचारतच होता, नवी सिस्टिम टाकू का? आदेश दरवेळी 'नंतर' दाबायचा. या वेळी त्यानं 'आत्ता' दाबलं. नवी सिस्टिम आली, पडदा कसा आरशासारखा लखलखला. सामन्यांच्या व्हिडिओला जागा कमी पडू नये म्हणून त्यानं जुन्या सिस्टिमच्या सगळ्या फाइलीही पुसून टाकल्या. परतीची वाट स्वतःच्या हातानं बुजवणं म्हणतात ते हेच. धावफलक मात्र झकास पळायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकडं पगारवाल्यांनी भरलं होतं आणि पहिला नंबर बायडीचा होता. आदेशनं हात पुसला, तेल चोळलं, अंगठा टेकवला. लाल. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. यंत्राची वायर काढून परत लावली, संगणक बंद करून चालू केला, तरी तेच. पडद्यावर बारीक अक्षरांत लिहून आलं होतं की हे यंत्र या सिस्टिमवर चालत नाही. इंग्रजीतली ती ओळ बाकड्यावर कुणाला वाचता येणार नव्हती, हे आदेशच्या ध्यानात आलं, आणि वाईट ते इथंच घडलं.

"काय झालं, दादा? उमटला नाय?" बायडीनं विचारलं.

मागं सगळे बघत होते. यंत्र बिघडलंय म्हणावं, तर का बिघडलं ते विचारणार. क्रिकेटपायी बिघडवलं हे सांगावं, तर नाक्यावर चहा पिणं मुश्कील. तोंडाला येईल ते आदेश बोलून गेला.

"अंगठा झिजलाय तुमचा, आजी. रेघाच राहिल्या नाहीत."

बायडीनं अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "मागल्या साली तं व्हत्या."

"झिजल्या आता. आठवडाभर हात जपा, तेल लावा, मग या."

"शहापूरला जाऊ का? तिथं मोठी मशीन आसंल."

त्या वेळी नुसतं 'जा' म्हटलं असतं तरी सगळं निभावलं असतं. शहापूरला जुनी यंत्रं जुन्या संगणकांवर बिनतक्रार चालू होती. पण तिथं अंगठा उमटला असता तर खोट कुणात होती ते उघड पडलं असतं. "कुठंही गेलात तरी नाही उमटणार," आदेश म्हणाला. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू द्यावा लागतो, तसा हा टेकू. मग बाकड्यावरच्या कमळूला, दामूला आणि बाकीच्यांनाही त्यानं तेच सांगितलं. आदेशदादा म्हणतो म्हणजे खरंच असणार, असं समजून माणसं आपापले हात बघत उठून गेली.

त्याच दुपारी त्यानं यंत्राच्या कंपनीला फोन लावला. नव्या सिस्टिमवर चालणारं नवं यंत्र मागवावं लागेल, म्हणाले. मागवलं. तेवढ्यात येईल, कुणाचं काही बिघडत नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. सामन्यांना टोकावड्याला गेला. माइकवरून त्याचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, धावफलक कुठं अडखळला नाही. टाळ्या वाजत असताना त्याला एकदम अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघणारी बायडी आठवली आणि पुढचा चौकार त्याच्याकडून नोंदवायचा राहिला.

कुरिअर काही 'तेवढ्यात' आलं नाही. आठवड्याचे दोन आठवडे होऊन गेले. आलं त्या सकाळी आदेशनं यंत्र जोडलं आणि स्वतःचा अंगठा लावून पाहिला. हिरवा! त्यानं सगळ्यांना निरोप धाडले. कमळूचा उमटला, दामूचा उमटला. "जपलात, म्हणून उमटला," असंही तो निर्लज्जपणे म्हणाला. सुटलो, असं त्याला वाटायला लागलं होतं.

दुपारी बायडी आली ती रत्नाच्या खांद्याचा आधार घेऊन. उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं.

"लय जपला, दादा," ती कौतुकानं सांगू लागली. "भात कापाया गेली नाय, भांडी घासली नाय, लाकडाला हात लावला नाय. रत्ना घालायची जेवाया. तेलानं रेघा येईनात, म्हून बिब्बा लावला."

"काय लावलं?"

"बिब्बा. टाच भेगाळली का लावत्यात ना? जुनी कातडी जाते नि नवी येते. म्हटलं, अंगठ्याला पन नवी येल."

रत्नानं फडकं सोडलं. अंगठा वांग्यासारखा सुजला होता, फोड फुटून कातडं लोंबत होतं. आदेशला बघवेना. यंत्र आता नवं होतं, संगणकाशी त्याचं छान जमलं होतं, आणि टेकवायला अंगठाच शिल्लक नव्हता. त्यानं तिची बाकीची नऊ बोटं एकेक करून लावून पाहिली, जणू काही चमत्कार होईल. लाल, लाल, लाल. दोन आठवड्यांपूर्वी जे खोटं होतं, ते त्यानं खरं करून दाखवलं होतं.

"ऱ्हाऊ दे," बायडी म्हणाली. "सांजच्याला ट्रक येनार. बोचकं बांधलंय मी. जाते रत्नाच्या संगं, पोरांना धरून बसंन भट्टीवर. माजाच अंगठा नासका, त्याला तू काय करनार?"

आई भट्टीचं नाव घेतानाही तोंड फिरवायची, हे रत्नाला माहीत होतं, आणि आदेशलाही माहीत होतं. त्याला स्वतःची एवढी शरम वाटली की खुर्चीत बसवेना. बाहेर कामं घेऊन आलेली माणसं खोळंबली होती. तरी त्यानं संगणक बंद केला आणि मोटरसायकलची किल्ली घेतली.

"आजी, चला. शहापूरला डोळ्याची मशीन आहे. अंगठा नको, नुसता डोळा लागतो."

"डोळ्यानं पन व्हतं?" बायडीला हसू आलं. "मंग त्या दिशी का नाय बोल्लास?"

"सुचलं नाही," आदेश म्हणाला. हे आणखी एक खोटं.

शहापूरच्या सेंटरमध्ये एका मुलीनं दुर्बिणीसारखं यंत्र बायडीच्या डोळ्यांना लावलं. पहिल्यांदा तिची पापणी लवली. दुसऱ्यांदा तिनं श्वाससुद्धा रोखून धरला. आदेश मागं उभा राहून गावदेवीला नवस बोलत होता. दिवा हिरवा झाला. मुलगी म्हणाली, झालं आजी, वर्षभराची काळजी मिटली. बायडीनं डाव्या हातानं आदेशचा हात धरला आणि कपाळाला लावला. "देवमाणूस हायेस, बाबा. तू नसता तं मी भट्टीवर मेली असती." त्याला हात सोडवून घेता येईना आणि धरू देववेना.

खरं तर इथं सगळं संपलं होतं. पगार सुरू राहणार होता, ट्रक तिच्याशिवाय जाणार होता, कुणाला काही कळलं नव्हतं, आणि वर देवमाणूस ही पदवी मिळाली होती. दुसरा असता तर गप बसला असता. आदेशही बसणारच होता. पण परतीच्या वाटेवर बायडी मागून बोलत होती. डाव्या हातानं तिनं त्याचा खांदा धरला होता आणि उजवा हात वारा लागू नये म्हणून पदरात गुंडाळला होता.

"आता ह्या हाताला वरीसभर काम नाय लावायची," ती म्हणाली. "जखम भरली का जपनार. भांडी डाव्या हातानं घासंन, कोयता पन डाव्या हातानं धरंन. तू बोल्लास ना, झिजलाय म्हून. म्होरल्या साली तुज्याच मशीनवर उमटवून दावते का नाय बघ."

शेणवं येईपर्यंत आदेश आरशातून तो पदरात गुंडाळलेला हात बघत राहिला.

नाक्यावर रत्ना वाट पाहत उभी होती. आई राहणार म्हटल्यावर तिच्या तोंडावर हसू फुटलं. बाकड्यावर कमळू आणि दामू होते, अजून चारजण बसचं बघत होते. आदेशनं गाडी लावली. बायडीला बाकड्यावर बसवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आजी, तुमच्या अंगठ्यात खोट नव्हती. मी क्रिकेटसाठी संगणकात नवी सिस्टिम टाकली, त्यानं अंगठ्याचं मशीन बंद पडलं. ते मला कळलं होतं. लाज वाटली म्हणून तुमच्या अंगठ्यावर ढकललं. कमळूदादा, तुमच्याही. सगळ्यांच्याच."

रत्नाच्या तोंडावरचं हसू गेलं. आता बायडी शिव्या घालील, असं आदेशला वाटलं. घालाव्यात, असंच त्याला मनातून वाटत होतं. दोन कानाखाली दिल्या असत्या तरी त्यानं गाल पुढं केला असता. बायडीनं मात्र पदरातला हात बाहेर काढून अंगठ्याकडं पाहिलं.

"म्हंजे माजा अंगठा चांगला व्हता?"

"होय, आजी."

"तू झिजलाय बोल्लास, तवा पन?"

"तेव्हा पण चांगला होता."

म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं तो सुजलेला, सोललेला अंगठा बाकड्याकडं उंच धरला. "ऐकलंस का गो, रत्ना! माजा अंगठा चांगला व्हता! मी रोज इचार करी, आसं काय पाप केलं म्हून रेघा गेल्या. काय बी केलं नव्हतं मी! चांगला व्हता!"

आदेशच्या 'वर्षभर जिवंत'वर हसणारं ते बाकडं या वेळी हसलं नाही. कमळूनं आपला हात उलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. रत्ना आईजवळ येऊन बसली. आदेशकडं तिनं पाहिलंही नाही. लांबून ट्रकचा भोंगा ऐकू आला तरी ती उठेना.

"तुज्याकडं तेल हाय ना?" बायडी आदेशला म्हणाली. "लाव की. आग व्हते."

आदेशनं आत जाऊन खणातली खोबरेलाची बाटली आणली. नेहमीसारखा तिचा हात आपल्या हातात घेतला, बोटावर थेंब घेतला, आणि कुठं लावावा ते त्याला कळेना.