धानोऱ्याचा 'ध'

मंडळी, आम्ही धानोऱ्याच्या बाया मोहाच्या तेलाचा साबण बनवतो. त्यावर गावाचं नाव उमटवायला पितळेचा ठसा हवा होता, तो आणायला आज बल्लारपूरला सलीमभाईंकडे गेले. तिथेच साबणावर दाबून पाहिला, तर उमटलं 'घानोरा'! 'ध'च्या डोक्यावरची फट बुजली होती.

"ताई, इतकुशी तर फट आहे. कोन पाहून राह्यलं?"

"भाऊ, साबणावर घान लिहून विकू काय?"

ते खो खो हसले. मग बारीक कानस घेऊन बसले, आणि 'धानोरा' लख्ख उमटेपर्यंत मी काही उठले नाही.

काळे झालेले हात त्यांनी त्या पहिल्याच वडीने धुतले. हाताची घाण गेली, वडीवरचा 'घानोरा'ही गेला.

तुमच्या गावाच्या नावातल्या कोणत्या अक्षरासाठी तुम्ही असं अडून बसाल?