पाचटाची चुंबळ

सखुआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला शाळेत शिकवत होते. झेंडू तोडता तोडता, उसाच्या कडेलाच हृदयविकाराचा झटका आला. आता महिना होत आला. नेमकी तिथंच का गेली म्हणून लोक हळहळतात. मला मात्र अभिमान वाटतो. ती जागा तिनं परत मिळवली होती...

काही वर्षांपूर्वी मांडवगण फराटा गावातल्या आत्याच्या शेताच्या त्याच बांधावर बिबट्यानं तिची मान धरली होती. तिनं खुरपं हाणलं म्हणून वाचली. टाके सुकले, पण भीती अंगातून निघेना. उसाच्या वाळल्या पानांची, पाचटाची सळसळ झाली, नुसती कॅरीबॅग वाजली, तरी हात मानेकडे जायचा, दातखीळ बसायची. त्यात समाचाराला येणारी माणसं. चहा घेत जो तो विचारणार, "कसं झालं वो?" आणि मामा, म्हणजे आत्याचे यजमान, बायकोच्या कौतुकानं सगळं पहिल्यापासून सांगायचे, तिला पदर सारून वण दाखवायला लावायचे. पाहुणे उठेपर्यंत आत्या घामानं भिजलेली असायची.

शिरूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा भित्रेपणा नव्हे. ती वेळ संपलीय हे अंगाला अजून कळलेलं नाही, सावकाश कळू द्या. आत्यानं ते मनावर घेतलं. घरी येताच मामांना बजावलं, "आता त्ये कुनाला सांगायचं न्हाई. तुमी सांगता, आन् मला त्यो पुन्यांदा धरतो." मामांनी ते सांगणं सोडलं. मग तिनं पाचटाची पेंढी ओट्यावर मागवली. काही दिवस नुसती लांबून बघायची. मग हातात धरली, फेकून दिली, रडली... पुन्हा धरली. काय बाई होती! पिळून पिळून तिनं त्याच पाचटाची चुंबळ वळली आणि एका सकाळी ती डोक्यावर ठेवून, वर झेंडूची पाटी घेऊन उसाच्या कडेनं घरी आली. हात मानेकडे गेलाच, पण पाटी पडली नाही.

दहाव्याला घर माणसांनी भरलं होतं. एका पाहुण्यानं मामांना विचारलंच, "आबा, वाघानं धरलं तवा कसं झालं वो?"

मामांनी खुंटीवरची चुंबळ काढून मांडीवर घेतली. तिच्या पिळावरून त्यांची बोटं फिरत राहिली.

"त्ये ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "हिनं ही कशी वळली, त्ये सांगतो."