पाचात किती?

वैजापूरच्या बाजारात कांद्याचा भाव विचारत होतो, तेवढ्यात नातवाचा फोन आला. "आबा, मोठी आई गेली." म्हणजे माझी वैनी, थोरल्या भावाची बायको. महिना झाला त्याला... अजून मी अंगणात शिरताना खाकरतो, तिनं पदर सावरावा म्हणून.

मी पोलीस ॲक्शनच्या वर्षी, अठ्ठेचाळीसला जन्मलेला, शाळा दुसरीपर्यंत. वैनीनं शाळेची पायरीही पाहिली नाय, तेव्हा आकडे मलाच जास्त कळतात ही माझी घमेंड. भाऊ वारला त्या हिवाळ्यात आमच्या मेंढ्यांची दहा कोकरं मेली. आठ वैनीच्या हातची, दोन माझ्या. लोक कुजबुजले. मी तर तोंडावरच बोललो, "वैनी, तुमचा हात लागला की कोकरू जातं. पैठणला माहेरी जा."

वैनी रडली नाय. ओंजळी भरून खडे आणले, मातीत फुलीसारख्या दोन रेघा ओढून चार घरं केली. एका कोकराला एक खडा. वर तिची कोकरं, खाली माझी. डावीकडं जगलेली, उजवीकडं मेलेली. म्हणाली, "भावजी, तुम्ही नुसती मेलेली मोजली. मी चाळीस सांभाळली, तुम्ही दहा. आता पाच-पाचाचे वाटे घाला. पाचात किती गेली?" तिच्याकडं एक. माझ्याकडंही एकच! "मग माझाच हात वाईट, तुमचा चांगला, व्हय?" मग तेच पन्नास खडे तिनं दुसऱ्या तऱ्हेनं मांडले. हौदाजवळ ओलीत बांधलेली पंधरा, त्यातली नऊ गेली. कोरड्यात पस्तीस, गेलं एकच. हौदाजवळ कोण बांधायचं, हे तिनं विचारलं नाय... दोघांचीही मीच बांधायचो.

मी लई ताठ माणूस. चुकलो म्हणालो नाय. कोकरं तेवढी कोरड्यात हलवली, अन् पुढं जन्मलेलं पहिलं कोकरू तिच्या ओटीत ठेवलं. ती हसली, "भावजी, हात तोच हाय बरं का!" माहेरी गेली नाय, जन्मभर इथंच राहिली. घरात कुणी कुणावर खापर फोडलं की चुलीपुढून विचारायची, "पाचात किती?" अन् माझ्याकडं बघायची नाय.

परवा सून वैनीचा कोनाडा झाडत होती. एक गाठोडं उचलून टाकायला निघाली, मी गाठ सोडून पाहिलं तर खडे... मोजले. पन्नास भरले.

"मामा, ही दगडं कशाला ठेवायची?" सूनबाई म्हणाली.

"माझी चूक हाय ती," मी म्हणालो. "राहू दे तिथंच."