टाकीजवळचा चेहरा

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर माझा दवाखाना एकतीस वर्षं होता. तो बंद केला तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि घरी बसण्याची सवय नव्हती. एका धर्मादाय संस्थेने वागळे इस्टेटमध्ये, लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, एक खोली भाड्याने घेतली होती. तिथे बसून मुरबाडच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवरचे पेशंट पडद्यावरून तपासायचे, असं काम होतं. आठवड्यातून चार दिवस, सकाळी अकरा ते दुपारी चार. मी हो म्हणालो. कोपरला आमच्या घरी बायको त्याला ‘तुमचा टीव्हीवरचा दवाखाना’ म्हणायची.

पुढे जे झालं त्याची चौकशी झाली, जबाब झाले, फाइल बंद झाली. त्या फाइलमध्ये एक गोष्ट खोटी आहे आणि ती मी सांगितलेली आहे.

आमच्याकडे आठ पाडे जोडलेले होते. प्रत्येक पाड्यावर एक आशा कार्यकर्ती. गावातलीच बाई, थोडं प्रशिक्षण घेतलेली, घरोघर फिरून गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांच्यावर लक्ष ठेवणारी. तिच्याकडे एक टॅब, बीपीचं यंत्र आणि औषधांची पेटी असायची. ती पेशंटला टॅबसमोर बसवायची, मी इकडून विचारायचो, ती तपासून सांगायची.

मी लिहितो आहे ती आशाताई सगळ्यांत लांबच्या पाड्यावरची. चाळिशीची, दोन मुलं मोठी झालेली, बोलायला ठसकेबाज. तिच्या पाड्यात रेंज नव्हती. रेंज यायची ती वर, पाण्याच्या टाकीजवळ. पाड्यापासून तिथपर्यंत वीस मिनिटांची चढण. खोकलेवाले, खरूजवाले चढून यायचे. तापाने फणफणलेला माणूस किंवा दिवस भरत आलेली बाई कशी येणार? त्यांना ती घरी जाऊन तपासायची, सगळं कागदावर लिहून घ्यायची आणि एकटी वर येऊन मला वाचून दाखवायची. ही पद्धत चांगली होती. तिची निरीक्षणं बारीक असत.

अडचण यंत्राची होती. आमच्या पडद्यावर पेशंटच्या फोटोसाठी एक चौकोन होता. तपासणी चालू असताना त्यात कुणाचा तरी चेहरा टिपला गेल्याशिवाय केस बंद होत नसे, आणि ती बंद झाल्याशिवाय पुढचा पेशंट उघडत नसे. मी संस्थेला दोनदा कळवलं. बघतो म्हणाले.

पहिल्यांदा अडलं तेव्हा एका म्हाताऱ्याचा संधिवात होता. तो खाली घरात. वर आशाताई, आणि टाकीच्या बाजूला शेळ्या चारणारी पाड्यातलीच एक बाई. ती रोज तिथेच असायची. इकडे माझ्याकडे रांग लागलेली.

“अगं ताई, त्या बाईला बसव समोर,” मी म्हणालो. “फोटो हवाय फक्त.”

“चालंल का साहेब?”

“मी सांगतोय ना.”

हे वाक्य माझं आहे. “मी सांगतोय ना.” 

तेव्हापासून तीच रीत पडली. शेळीवाली बाई तिशीतली, हसरी. तिला या कामाची हौस वाटू लागली. पुढे पुढे ती केस विंचरून, तोंडाला पावडर लावून शेळ्यांमागे यायची. पडद्यासमोर बसली की विचारायची, “साहेब, आज मला काय झालंय?”

आशाताई सांगायची, “आज तुला साखर हाय.”

“परवा तर दमा होता.”

“तो बरा झाला. साहेबांचा गुण.”

मी हसायचो. आमच्या नोंदींमध्ये वेगवेगळ्या नावांपुढे तोच एक पावडर लावलेला चेहरा जमा होत गेला. मी माझ्या हाताने एक डायरीही लिहायचो. दवाखान्यापासूनची सवय. ज्या पेशंटच्या जागी ती बसलेली असे, त्याच्या नावापुढे मी ‘शे.’ लिहायचो. शेळीवाली.

पाड्यात एक पहिलटकरीण होती, बावीस वर्षांची. सहाव्या महिन्यात ती स्वतः चढून वर आली होती, तेव्हा मी तिला पडद्यावर पाहिलं होतं. किरकोळ अंगाची, लाजरी. आशाताईचं आणि तिचं अंगण एकच होतं, मध्ये फक्त तुळस. ती तिला काकी म्हणायची.

आठवा महिना संपत आला तेव्हाची दुपार. आशाताई एकटी वर आली. शेळीवाली होतीच.

“साहेब, आज मला काय झालंय?”

“आज तू गरोदर,” आशाताई म्हणाली.

“अगं बाई! नवऱ्याला कळवू का?”

दोघी हसल्या. मग आशाताईने कागद काढला आणि तिचा आवाज बदलला. बीपी एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. मागच्या महिन्यात एकशे चार-सत्तर होता. डोकं दुखतंय दोन दिवस. “आणि साहेब, जोडवी रुतलीत तिच्या बोटांत. तेल लावलं, साबण लावला, निघत नाय. मला काय ते बरोबर वाटत नाय. खाली मोठ्या दवाखान्यात नेऊ का?”

यातली प्रत्येक गोष्ट मला ठाऊक होती. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. लघवी तपासा, आजच्या आज हलवा, एवढंच म्हणायचं होतं. त्या दुपारी माझ्यापुढे अजून अकरा पेशंट होते, हे खरं आहे. पण ते कारण नव्हे. कारण असं, की मी पडद्याकडे पाहिलं. समोर एक चेहरा होता, स्वच्छ, तजेलदार, डोळ्यांखाली सूज नाही. एकतीस वर्षं मी आधी चेहरा पाहून मग ऐकत आलो होतो. ती बाई कोण हे मला अर्ध्या मिनिटापूर्वी सांगितलं होतं, आणि तरी माझ्या डोळ्याने तिलाच तपासलं.

“चेहऱ्यावर तर काही नाही,” मी म्हणालो. “बीपी अजून हद्दीत आहे. मीठ कमी करायला सांग. सात दिवसांनी परत बघू.”

“जोडवी साहेब…”

“अगं, पायाला थोडी सूज या दिवसांत येतेच.”

तिने कागदाची घडी घातली. मी नोंद केली : चेहऱ्यावर सूज नाही. पुढची तपासणी सात दिवसांनी. चेहरा टिपला गेला आणि केस बंद झाली.

चौथ्या दिवशी सकाळी त्या मुलीला झटके आले. झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने. ती वाचली. मूल गेलं. मुलगा होता, असं मला नंतर कळलं.

चौकशी महिन्याभराने झाली. ठाण्यातल्या एका कार्यालयात तीन जण बसले होते, तिघेही माझ्यापेक्षा लहान. त्यांनी मला ‘सर’ म्हटलं, चहा मागवला. माझी नोंद समोर होती. चेहऱ्यावर सूज नाही, आणि शेजारी शेळीवालीचा फोटो. 

“सर, ही बाई पेशंट नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हणालो, “नाही. मला तसं कुणी सांगितलं नाही.”

विचार करून म्हणालो असं नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार होतं. एकदा दिल्यावर ते परत घेण्यासाठी मला पुढची तीन वर्षं मिळाली.

आशाताईला बाहेरच्या बाकावरून आत बोलावलं. ती म्हणाली, “साहेबांना ठाव होतं. साहेबांनीच सांगलेलं, बसव म्हणून.” तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. शाळेत बाईंनी विचारल्यावर मूल शेजारच्याकडे पाहतं, तसं. मी पाण्याचा ग्लास उचलला. शेळीवालीला फक्त एवढंच विचारलं, की तुला बसायला कोण सांगायचं; ती म्हणाली, ताई बस म्हणायची म्हणून मी बसायचे. जुन्या नोंदी उघडून पाहिल्या असत्या, तर तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसला असता आणि मला तो ओळखता आला नाही हे कुणाला पटलं नसतं. कुणी उघडल्या नाहीत. मीही उघडा म्हणालो नाही.

आशाताईला कामावरून काढलं. टॅब, बीपीचं यंत्र आणि औषधांची पेटी परत घेतली. कागदावर कारण लिहिलं : पेशंटऐवजी दुसरी व्यक्ती दाखवून डॉक्टरांची दिशाभूल. 

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “झालं ना नीट?” मी म्हणालो, “झालं.” दोन महिन्यांनी मी ते काम सोडलं. डोळ्यांचं निमित्त सांगितलं.

आमची इमारत या वर्षी पुनर्विकासाला गेली. सामान खोक्यांत भरत असताना बायकोच्या हातात ती डायरी आली. चाळता चाळता तिने विचारलं, “हे ‘शे.’ ‘शे.’ काय लिहिलंय सगळीकडे?”

मी सांगितलं. आधी फक्त अक्षराचा अर्थ सांगितला. ती पानं उलटत राहिली आणि त्या तारखेपाशी थांबली. तिथेही लिहिलं होतं. पहिलटकरणीचं नाव, बीपीचे आकडे, ‘जोडवी घट्ट’, आणि पुढे ‘शे.’

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

तिने डायरी मिटली. मग विचारलं, “ही खोक्यात घालू, की बाहेर ठेवू?”

“बाहेर ठेव.”

मी दोन पानी जबाब लिहिला, डायरीच्या त्या पानांच्या प्रती जोडल्या आणि तो ठाण्याच्या त्याच कार्यालयात नेऊन दिला. तिथला अधिकारी नवा होता. त्याने उभ्याउभ्या वाचलं. “काका, आता कशाला? केस बंद झालीय. तुमचीच बदनामी.” मी म्हटलं, पोच द्या. त्याने माझ्या प्रतीवर शिक्का मारला. पुढे त्याचं काय होईल ते मला माहीत नाही. ती प्रत घेऊन मी पाड्यावर गेलो.

आशाताई आता अंगणवाडीत खिचडी शिजवते. मला पाहून तिने पदराला हात पुसले. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी म्हटलं, “ताई, मी खोटं बोललो होतो. ते लिहून दिलंय. तुम्हाला वाचून दाखवतो.”

“मला काय दाखवता? मला ठाव हाय की,” ती म्हणाली. “माझं काम परत मिळंल?”

“सांगता येत नाही. मी मागणी केली आहे.”

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “तिला वाचून दाखवा. तीन वर्सं झाली, माझ्याशी बोलत नाय. तुळशीला पाणी घालायचं ते पण मी आत गेले की घालते. तिला वाटतं, मी तिच्या जागी दुसरी बसवली आन तिचं काय सांगलंच नाय.”

मग ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही अंगणात आलो. मुलगी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. आता पंचविशीची असेल. मी तिला एकदाच पाहिलं होतं, तेही पडद्यावर, तरी ओळखलं. पायांत जोडवी नव्हती. मी कोण ते सांगितलं. तिने सोलणं थांबवलं नाही.

मी उभा राहूनच वाचलं. आशाताईने बीपी किती सांगितला, डोकं दुखतं हे सांगितलं, जोडवी रुतल्याचं सांगितलं, मोठ्या दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. दुसरी बाई बसवायला मीच सांगितलं होतं आणि चौकशीत ते नाकारलं. वाचून झाल्यावर मी कागद खाली घेतला.

“जोडवीचं सांगलेलं हिनं?” मुलीने विचारलं.

“दोनदा सांगितलं.”

“आन तुम्ही नाय म्हणलात.”

“हो.”

तिने सोललेले दाणे सुपात ओतले, टरफलं बाजूला केली. मग हात पुढे केला. मी कागद दिला. तिने तो उलटसुलट पाहिला, शिक्क्यावर अंगठा फिरवला. त्याची घडी घालून तिने तो तुळशीच्या पलीकडे उभ्या असलेल्या आशाताईपुढे धरला.

“काकी, हा तुझा हाय. तू ठेव.”

आशाताई पुढे आली, कागद घेतला आणि तिथेच ओट्यावर बसली. समोरच्या ढिगातली एक शेंग उचलून सोलू लागली.  माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. थोडा वेळ थांबून मी उतरणीला लागलो.