घासलेल्या दोन बिया

रंगनाथचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावरचे कोंब मोजत होतो. "दादा, आई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची आई म्हणजे माझी जनाआत्या, हसनाबादची. तिचा चेहरा डोळ्यांपुढे यायला हवा होता, पण आठवल्या त्या बिया. दोन. खरं सांगतो, रडू येण्याआधी मला भीती वाटली.

आत्याच्या शेताच्या बांधावर तरवडाची रांग आहे. जागा मुरमाड, पण झुडपं भर उन्हाळ्यातही हिरवीगार, आणि नवरात्राच्या सुमाराला पिवळ्या फुलांनी नुसती भरून जातात. आमच्याकडे घटावर रोज चढते ती माळ याच फुलांची. तरवड माळरानावर आपोआप येतो, मुद्दाम कुणी लावत नाही. आत्या मात्र लावायची. घरातलं माणूस गेलं की तेराव्यानंतर त्याच्या नावाने एक बी. पुढे पाणी घालताना, फुलं खुडताना त्या माणसाचं नाव घ्यायचं, दारात उभं राहून हाक मारावी तसं. लहानपणी टोपली घेऊन मी तिच्यामागे जायचो. आजोबा, धाकटे काका, मी कधी न पाहिलेली चुलत आजी... सगळे मला झुडपांवरूनच कळले. काकांच्या झुडपाला फुलं उशिरा यायची. "त्याला पयल्यापासूनच उठायचा कंटाळा," आत्या म्हणायची, आणि हसायची नाही.

बियाण्यांच्या धंद्यात पडल्यावर मी तिची चेष्टा करायला लागलो. पण काम तिचं पक्कं होतं. तरवडाच्या बीचं कवच टणक असतं. ते थोडं झिजवल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. हे मी पुस्तकात वाचलं, तिला कुणी शिकवलं देव जाणे. घराच्या पायरीवर बिया घासून घासून तिने दगडाला अंगठ्याएवढा खळगा पाडला होता. नजर अधू झाली तशी ती घासायला मला बसवायची. यंदा ज्येष्ठात गेलो तर तिने पुडी पुढे केली, म्हणाली एक घासून दे. कोण गेलं, म्हणून मी विचारलं. "कोन बी न्हाई गेलं अजून," ती म्हणाली. म्हातारीची लहर, असं समजून मी बसलो आणि सवयीने दोन घासल्या. एका खड्ड्यात दोन दाणे टाकायचे, एक दगा देतो, ही आमच्या धंद्याची रीत. आत्याने तळहातावर बोट फिरवून बिया मोजल्या.

"दोन कामून घासल्या?"

"एक वाया गेली तर?"

"यातली एक बी वाया जात न्हाई, दिगू. आन घासलेली परत ठेवता येत न्हाई."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. रांगेच्या टोकाला तिने दोन्ही बिया हातभर अंतराने पेरल्या. ही माझी, म्हणाली. दुसरीबद्दल बोललीच नाही... श्रावण सरता सरता ती झोपेतच गेली.

परवा माळेची फुलं आणायला बांधावर गेलो. दोन्ही रोपं वीतभर झाली होती, अगदी सारखी. मी रोज ट्रेच्या ट्रे कोंब कचऱ्यात टाकतो, मनात काही येत नाही. तसंच हे दुसरं रोप उपटायला वाकलो. देठाला बोटं लागली आणि ते उबदार लागलं... सकाळची वेळ, तिथे अजून ऊनही पोचलं नव्हतं. मी हात मागे घेतला. रंगनाथ तांब्या घेऊन आला. पहिल्या रोपाला पाणी घालून "आई" म्हणाला आणि थांबला.

"याला कोनाचं नाव घेऊ, दादा?"

घरात त्याची बायको होती, दोन पोरं होती. तिकडे जालन्यात माझी मुलगी कॉलेजला निघाली असेल. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी आजही सांगेन. तरी तांब्या मी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. पाणी घातलं आणि म्हणालो, "दिगंबर." वारा पडलेला होता, पण रोपाची पानं थोडी हलली. पाण्याच्या धारेने हलली असतील.

घरी येऊन पायरीवर टेकलो. आत रंगनाथची बायको फुलं ओवत होती. हात सहज दगडावर गेला. तो खळगा आत्याच्या बारीक अंगठ्याचा, माझा त्यात कधी बसत नसे. बिया घासताना मला नेहमी कडेचा दगड वापरावा लागायचा.

परवा बरोबर बसला.