वाटेवर घातलेला बांध

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. शब्द चुकतील, अक्षरही किरटं आहे, सांभाळून घ्यावं.

वळवाच्या एकाच पावसात आम्ही दुरुस्त केलेली वाट वाहून गेली आणि जंगलखात्याचे गार्डसाहेब साखळी-कुलूप घेऊन डोंगरावर आले. तिसगावजवळच्या जंगलातली ही पायवाट. आम्ही बायका श्रमदानाने ती नीट करत होतो. पलीकडच्या वस्तीवरची पारूबाई आमच्यातच होती. वाट बंद झाली तर तिच्या लेकीची, कमलची शाळा सुटणार होती. गाडीरस्त्याने शाळा फार लांब पडते.

"उद्या कोणी घसरून पडलं तर? बंदच करतो," साहेब म्हणाले. मी पारूबाईच्या मागे सरकले.

तेवढ्यात रुक्साना आपा आल्या. आमच्या पुढारी त्याच. या कामाचं ट्रेनिंग त्यांनी घेतलेलं. त्या भावाकडे लग्नाला गेल्या होत्या आणि त्यांच्या मागे आम्ही वाटेवर दगडांच्या सरळ आडव्या ओळी घालून टाकल्या होत्या.

"चूक माझी हाय, साहेब. मी नीट न सांगता गेले. पुढचा पाऊस बघा, वाट गेली तर खुशाल कुलूप लावा."

आमच्यातल्या एकीचंही नाव त्यांनी घेतलं नाही. मला हे जमलं नसतं.

साहेब तेवढी मुदत देऊन गेल्यावर आपांनी वाटेवर कळशीभर पाणी ओतलं. ते ओळीशी तुंबलं, मधूनच उतू गेलं आणि माती उकरत खाली पळालं.

"अगं बायांनो, तुमी तर बांध घातलाय!" आपा हसायलाच लागल्या.

खरंच होतं. आम्ही दुष्काळी भागातल्या. पाणी दिसलं की अडवायचं, एवढंच हाताला ठाऊक. वाटेवर मात्र ओळ तिरपी घालायची, म्हणजे पाणी कडेच्या झुडपात निघून जातं.

पहिली पहार आपांनीच मारली. दगड हलेना.

"लई घट्ट बसवलेत वो, आपा," पारूबाई म्हणाली.

"व्हय, दिसतंय की! आता तिरपे बसवा, पन असेच घट्ट."

ओळी घालायला जेवढे दिवस लागले, त्याहून जास्त त्या काढायला लागले.

शाळा उघडल्यावर जोराचा पाऊस झाला. साहेबांसकट आम्ही सगळ्या वाटेवर उभ्या. पाणी ओळीशी आलं, वळलं, झुडपात शिरलं. खालच्या ओळीशीही तसंच. साहेबांनी साखळी पिशवीत ठेवली. नुसतं घट्ट काम करून भागत नाही, पाण्याला जायला जागा लागते, एवढं मी शिकले.

वरून कमल दप्तरावर पोतं धरून उतरली.

"आये, सगळ्या मधीच काय उभ्या? सरका की, उशीर झाला!"

आम्ही सरकलो. साहेबसुद्धा.