तेलावर चालणारे ब्रेक

आमगावात डोंगर नाही. उंचवटा म्हणायचा तर धानाच्या बांध्यांमधले मातीचे धुरे आहेत, आणि ते चढायला सायकल लागत नाही. तरीही आमच्या अंगणात डोंगरावर चालवायची सायकल उभी असते आणि ती मी चालवते. मी पन्नाशीकडे झुकलेली बाई असून घरी ब्लाउज शिवते.

सायकल मुळात आमच्या ओमची. हट्ट करून घेतली, गावभर मिरवली आणि बारावी होताच सायकल सोडून पुण्याला शिकायला गेला. विकायची ठरली. विकण्याआधी चालते की नाही ते बघावं म्हणून मी बसले, ती काही उतरले नाही. गावानं थोडे दिवस बघितलं, मग गावाला दुसरं काही बघायला मिळालं.

अडचण एकच होती. सायकल थांबत नव्हती. ब्रेक बसस्टँडजवळ दाबला की पोस्टाजवळ लागायचा. रस्त्यात कुणी ओळखीची दिसली तर "काय म्हणता, बरं आहे ना?" हे तिच्या दारात विचारायचं आणि उत्तर पुढच्या चौकात ऐकायचं, अशी माझी पद्धत पडली होती. (काही जणींना वाटायचं, मला गर्व झाला आहे.)

शेवटी मी घरात जाहीर केलं, "मला नवीन डिस्क ब्रेक घ्यायचे आहेत."

यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू आपल्या दुकानात आहे किंवा तिची गरज नाही, असं यांचं मत आहे. हे म्हणाले, "कायले? हळू चालव ना!"

"हळूच चालवते. पण थांबायला तर पाहिजे?"

"पाय टेकव."

माझे सासरे, म्हणजे मामाजी, ओसरीत सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "आमच्या जमान्यात सायकलीले ब्रेकच नोहते. थांबत होतो ना आमी!"

"कसे थांबत होता मामाजी?"

"उतरून जात होतो."

"आणि सायकल?"

"थे जात होती थोडी समोर."

एरवी मी विषय सोडून दिला असता. पण त्याच आठवड्यात माहेरहून संध्याचा फोन आला. संध्या माझी भावजय, गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. तिच्या गावी शाळा सातवीपर्यंतच, पुढची शाळा लांब. मुलगे सायकलनं जातात आणि मुली घरी बसतात, कारण आईबापांना भीती, पोरगी सायकलवरून पडेल. गटानं ठरवलं होतं की एक कार्यक्रम घ्यायचा, आईबापांना समोर बसवायचं आणि त्यांना एक बाई सायकल चालवताना दाखवायची.

"ताई, तुमीच या," संध्या म्हणाली. "सायकलनंच या. लोकायले दिसलं पायजे का बाई मानूस सायकलवरून पडत नाई!"

मी लगेच हो म्हटलं. आयुष्यात प्रथमच मला कुणी प्रमुख पाहुणी केलं होतं. यापूर्वी मी फक्त प्रमुख पाहुण्यांचे ब्लाउज शिवले होते.

म्हणून आम्ही दोघं गोंदियाला सायकलीच्या मोठ्या दुकानात गेलो. सायकल यांच्या दुकानाचा माल आणणाऱ्या टेम्पोत टाकून नेली. दुकानदारानं विचारलं, "किसके लिए? बच्चे के लिए?"

"माझ्यासाठी."

दुकानदारानं यांच्याकडे पाहिलं. यांनी पंख्याकडे पाहिलं.

"अच्छा! केबलवाला लेंगे या हायड्रोलिक?"

"फरक काय आहे?"

"केबलवाले में तार खींचती है. हायड्रोलिक में अंदर तेल रहता है, तेल ही दबाता है. पूरा तेल का खेल है, मॅडम!"

"तारेचाच घे," हे म्हणाले. "तार आपल्या दुकानात भरून पडली हाय. तुटली का बदलली."

मी पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ओम म्हणाला, "आई, हायड्रोलिकच घे. एका बोटानं सायकल थांबते."

झालं! माझा निर्णय तिथंच झाला. आमच्या घरात माझ्या एका बोटानं आजवर काहीच थांबलेलं नाही.

मग मापाचा प्रश्न आला. चाकाजवळ जी लोखंडी चकती असते, तिला चिमटा बसून सायकल थांबते. ती लहान येते आणि मोठीही येते. माझ्या सायकलला लहान लागत होती. मी पर्समधून टेप काढून दोन्ही मोजल्या आणि म्हटलं, "मोठी द्या. वाढत्या अंगाची असलेली बरी."

"सायकल बढ़ती नहीं है, मॅडम."

"तरी पण."

"इतना बड़ा ब्रेक लेके जाएंगे कहाँ? पहाड़ पे?"

"माहेरी."

"मायके?" दुकानदार यांच्याकडे वळून म्हणाला, "मायके जाते टाइम तो ब्रेक लगता ही नहीं, भाईसाब!" हे इतके हसले की मोठ्या चकतीसाठी लागणारा जादा तुकडासुद्धा त्यांनी तक्रार न करता घेतला. दुकानदारानं सगळं व्यवस्थित बसवून दिलं. पहिले काही दिवस कसं चालवायचं हेही तो सांगत होता, पण मी तेव्हा हँडलला लावायची घंटी निवडत होते.

आमगावात उतरल्यावर मी घराकडे निघाले आणि आमच्या दाराशी एका बोटानं ब्रेक दाबला. ओम खोटं बोलला नव्हता. सायकल जागच्या जागी थांबली. मी मात्र थांबले नाही. मी हँडलपर्यंत गेले आणि तिथून मामाजींच्या सुपारीच्या डब्यात पाहत राहिले.

"नवा ब्रेक हाय वाटते," मामाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आवाज सुरू झाला. ब्रेक दाबला की चीईईई! साधा आवाज नाही. डुकराला धरल्यासारखा! मी गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला की आमच्या घरी मामाजी दुपारच्या झोपेतून उठून बसायचे. शेजारच्या काकूंची म्हैस धार काढताना बिथरली आणि काकूंनी भिंतीवरून विचारलं, "काऊन वं, सायकलीत काय कोंबून राहिली तू?"

कार्यक्रम एका दिवसावर आला होता. व्यासपीठासमोर मी ऐटीत येणार, ब्रेक दाबणार, आणि चीईईई! आईबाप पोरींना कडेवर घेऊन पळाले असते.

मी विचार केला. (इथूनच सगळं बिघडलं.) माझं शिलाई मशीनही असंच ओरडतं, तेव्हा मी काय करते? तेल घालते. आणि हे ब्रेक तर तेलावरच चालतात, असं खुद्द दुकानदार म्हणाला होता. आत तेल आहे, आवाज बाहेर येतोय, म्हणजे तेल बाहेर कमी पडतंय. इतकी सरळ गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांच्या लक्षात कशी आली नसेल, याचं मला जरा नवल वाटलं.

मी मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि दोन्ही चकत्यांना छान तेल पाजलं. चिमट्यातसुद्धा दोन्हीकडून सोडलं. जुन्या अस्तराच्या तुकड्यानं पुसून चकाकी आणली. मग अंगणात सायकल हातानं ढकलली आणि ब्रेक दाबला. आवाज नाही. अजिबात नाही!

"बसला ना आवाज?" मी यांना म्हटलं.

"बसला बाप्पा," हे म्हणाले. हार्डवेअरवाल्या माणसाकडून एवढं ऐकायला मी वीस वर्षांहून जास्त संसार केला होता. मामाजींनी तर सुपारी दिली.

सायकल थांबते की नाही, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

सकाळी निघाले. हे आणि मामाजी मोटरसायकलनं पुढे गेले. धान कापून झालं होतं, रस्ता मोकळा आणि सपाट, हवेत गारवा. थांबायची वेळच आली नाही. एका ठिकाणी गायी आडव्या आल्या म्हणून ब्रेक दाबला, तर तो बोटाला एकदम मऊ लागला आणि गायीच बाजूला झाल्या. म्हटलं, काय सुंदर ब्रेक आहे! लोण्यासारखा!

माझ्या माहेरच्या गावाला मोठा तलाव आहे. त्याची पाळ चांगली उंच, आणि पाळीवरून उतरलं की थेट शाळेचं पटांगण. संध्यानं फोनवर मुद्दाम सांगितलं होतं, "ताई, पाळीवरूनच उतरजा. सगळ्यायले दिसून राहाल."

मी पाळीवर चढून थांबले. (चढावर थांबायला ब्रेक लागत नाही.) खाली मंडप, खुर्च्या, मुली, आईबाप, पुढच्या रांगेत मामाजी आणि हे. लाऊडस्पीकरवर शाळेचे गुरुजी माझी ओळख करून देत होते. मी ओढणी नीट खोचली, नवी घंटी वाजवली आणि उतारावर सायकल सोडली. नुसती सोडली नाही, वरून चार पायडल मारली. जरा झोकात दिसावं म्हणून.

अर्ध्यावर आल्यावर एका बोटानं ब्रेक दाबला. काही झालं नाही. दोन बोटांनी दाबला. मग दोन्ही हातांनी, दातओठ खाऊन. चकत्या चकचकत, गुळगुळीत, आवाज न करता फिरत राहिल्या.

"आणि आता आपल्या प्रमुख पाहुण्या येत आहेत," गुरुजी म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या.

मी घंटी वाजवत सुटले. लोकांना तो माझा नमस्कार वाटला. टाळ्या वाढल्या! संध्या हार घेऊन मधोमध उभी होती, तिनं माझा चेहरा पाहिला आणि बाजूला उडी मारली. हार मात्र हँडलला अडकून माझ्यासोबत आला. रांगोळीवरच्या 'सुस्वागतम्'मधून चाक आरपार गेलं.

"ताईंचं आगमन झालेलं आहे," गुरुजी म्हणाले.

"थांब वं!" पुढच्या रांगेतून हे ओरडले.

"उतरून जाय, सूनबाई! उतरून जाय!" मामाजी ओरडले.

मी व्यासपीठाच्या बाजूनं पुढे निघाले. दिवा, फोटो, पाण्याचे ग्लास, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"ताई... पुढे गेलेल्या आहेत," गुरुजींचा आवाज आला. माईक सोडायचं त्यांना भान नव्हतं.

पटांगणाच्या टोकाला माझ्या भावाच्या तनशीचा ढीग होता. वर्षभर बैलांना पुरेल एवढी धानाची तनस, म्हणजे पेंढा, घराएवढी रचलेली. मी डोळे मिटले.

आत काळोख होता आणि उबदार होतं. नाकात तनस, कानात तनस. बाहेर पूर्ण शांतता. मग लाऊडस्पीकरवरून गुरुजी हळूच म्हणाले, "ताई तनशीत आहेत."

सगळ्यांनी मिळून मला पायाला धरून ओढलं. काही लागलं नव्हतं. डोक्यावर तनशीचं घरटं, गळ्यात कसा कोण जाणे तोच हार. मुली हसत होत्या, म्हणून मलाही हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ते माझ्या ब्रेकसारखंच थांबेना. संध्या मात्र रडकुंडीला आली होती. ज्या आईबापांना 'बाई पडत नाही' हे दाखवायचं होतं, त्यांना आम्ही उलटंच दाखवलं होतं, आणि तेही लाऊडस्पीकर लावून.

तरी गुरुजींनी मला भाषणाला उभं केलं. कार्यक्रमपत्रिका छापलेली होती, तिला इलाज नव्हता. विषय होता 'आत्मविश्वास'. मी केसांतली तनस काढत काढत बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटल्यावर दोन वेण्यांची एक मुलगी उठली.

"आत्या, सायकल थांबवाची कशी?"

"बाई," मी म्हटलं, "थे मी अजून शिकून राहिली."

मंडप हसून लोळला. मागून एक आडदांड गृहस्थ उठले. मला वाटलं, आता हे कार्यक्रम मोडणार. ते बायकोला म्हणाले, "एवढी घुसली तनशीत, तरी बाई हासूनच राहिली. आपल्या पोरीले काय होते? जाऊ दे तिले सायकलीनं." त्यांच्यामागे आणखी एक उठले, मग आणखी एक. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर गावातल्या मुली रांगेनं सायकलीवर निघाल्या, असं संध्यानं सांगितलं. त्यात माझं भाषण किती आणि तनस किती, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी ओमला फोन केला. आधी त्यानं कुठं लागलं का ते विचारलं. मग म्हणाला, "आई, डिस्कला तेल? तिला बोटसुद्धा लावायचं नसतं!"

"मग दुकानदार तेलाचा खेळ का म्हणाला?"

"आतल्या तेलाचा, आई! आतल्या!"

गोंदियाला नेऊन तेल प्यालेले चिमट्यातले गुटके फेकून दिले, नवे बसवले. दुकानदारानं विचारलं, "इसमें तेल किसने डाला?" मी यांच्याकडे पाहिलं. यांनी पंख्याकडे पाहिलं, पण दुकानदाराचं दुसऱ्याच कुणाबद्दल मत बनलं असावं, कारण या खेपेला त्यानं सगळ्या सूचना यांना दिल्या, मला नाही.

यंदा पुन्हा संध्याचा फोन आला. गटानं कार्यक्रम ठेवला होता, प्रमुख पाहुणी मीच. लोकांचा आग्रह आहे म्हणाली. मी म्हटलं, अगं, आता ब्रेक एकदम पक्के आहेत, सायकलनंच येते.

"येजा ना ताई," ती म्हणाली, "पण पाळीवरून नोका उतरू. यंदा तनस विकून टाकली आमी."